कवठेकरांची पाखरं

हुबळीच्या दाजीबान पेठेत कृष्णाअप्पा कवठेकरांचं धान्याचं दुकान होतं आणि त्या दुकानात पाखरू नव्हतं. पाखरू म्हणजे जुन्या ज्वारीला जाळी धरली की तिच्यातून उडतं ते, राखाडी, बोटाच्या पेराहून लहान. सगळ्या पेठेत ते उडायचं, कवठेकरांकडे मात्र नाही. पेठेला ही गोष्ट पाठ होती, कारण अप्पा ती रोज ऐकवत. गिऱ्हाईक आलं की कोपरापर्यंत हात पोत्यात घालायचा, ओंजळभर ज्वारी त्याच्या नाकाखाली धरायची आणि म्हणायचं, "कवठेकरांच्या दुकानात एक पाखरू दाखवा आणि हे पोतं उचलून न्या." तीस वर्षांत कुणी पोतं नेलं नव्हतं.

अशा माणसाच्या पोटी महादेव जन्माला आला आणि सरकारी नोकरीत पाखरं पाळू लागला.

तसा या बाबतीत तो आधीपासूनच कमनशिबी. दहा वर्षांचा असताना एकदा तो दुकानाच्या मागच्या खोलीत शिरला. त्या खोलीची किल्ली अप्पांच्या कमरेला असे, त्या दिवशी ती कशी कोण जाणे कुलपातच राहिली होती. आत न खपलेल्या ज्वारीची पोती होती आणि भिंत दिसणार नाही इतकी पाखरं. पोरगं धावत पुढं आलं आणि भर गिऱ्हाइकात ओरडलं, "अप्पा, मागच्या खोलीत पाखरं झालीत!" अप्पांनी त्याला जन्मात एकदाच मारलं, ते तेव्हा. थोबाडीत. मग गिऱ्हाइकाकडं वळून हसत म्हणाले, "चिमण्या शिरल्या असतील. पोराला सगळं पाखरूच दिसतं." गिऱ्हाईक हसलं, ज्वारी घेऊन गेलं, आणि त्या दिवसापासून महादेवानं पेठेत असताना तो शब्द तोंडातून काढला नाही.

पुढं १९५६ साली राज्यांची फेरमांडणी झाली आणि धारवाड मुंबईतून निघून म्हैसूर राज्यात गेलं. मधल्या धांदलीत हुबळी-धारवाड रस्त्यावर रायापूरला जंगलखात्याचं एक कीटकघर निघालं. ते काढायचं ठरवलं मुंबईनं आणि चालवायची पाळी आली म्हैसूरवर. मॅट्रिक झालेल्या महादेवाला नेमणुकीचा कागद एका सरकारचा आला आणि हजर झाला तो दुसऱ्या सरकारकडं. पहिले सात महिने आपल्याकडं असं काही घर आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं. महादेव रोज सायकलवरून जाई, कुलूप काढी, झाडलोट करी आणि कुलूप लावून परत येई. पुढच्या आयुष्यात साहेब लोकांनी त्याच्या नोकरीतला सर्वांत बिनतक्रार काळ म्हणून याच सात महिन्यांकडं बोट दाखवलं.

मग एकदाचं काम सुरू झालं. काम असं, की हल्याळ-कलघटगीकडच्या सागवानावर पावसाळ्याच्या तोंडाला एक अळी पडते आणि पानांच्या नुसत्या शिरा उरवते. तिच्यावर उतारा म्हणजे एक माशी. माशी गांधीलमाशीच्या कुळातली, पण एवढीशी, की टाचणीच्या डोक्यावर दोन बसाव्यात. ती कुणाला चावत नाही. दुसऱ्या किड्याच्या अंड्यात आपलं अंडं घालते, तिचं पिल्लू ते अंडं आतून खाऊन मोठं होतं, आणि जिथून अळी निघायची तिथून आठ दिवसांनी माशी निघते. जंगलात सोडायला अशा माश्या लाखांनी लागतात. त्या बारा महिने घरात वाढवायच्या तर त्यांना बारा महिने कुठल्या तरी किड्याची ताजी अंडी हवीत. स्वस्तात पोसला जाईल आणि भरपूर अंडी देईल असा किडा कोणता? तर ज्वारीतलं पाखरू. मोठमोठ्या विद्वानांनी वर्षानुवर्षं खपून काढलेलं हे उत्तर महादेवाला दहाव्या वर्षीच थोबाडीत मिळालं होतं.

झालं. महादेव ज्वारी भरडून लाकडी पेट्यांत भरू लागला, तिच्यावर पाखरांची अंडी पेरू लागला, पेट्यांना मलमल बांधू लागला. दीड महिन्यात पाखरं झाली की रोज सकाळी एकेक काचेच्या नळीत धरायचं, खाली जाळी असलेल्या डब्यात सोडायचं, जाळीतून पडलेली अंडी मऊ कुंच्यानं झाडून घ्यायची, डिंक लावलेल्या कार्डावर भुरभुरायची आणि ते कार्ड माश्यांच्या नळीत ठेवायचं. चौथ्या दिवशी अंडी काळी पडली की समजायचं, माशी आत बसली. हाताखाली शेवंता नावाची एक बाई होती. ती पेट्या उचलायची, डिंक शिजवायची आणि दिवसातून एकदा तरी म्हणायची, "अण्णा, सोन्यासारखी ज्वारी की ही! कुणी बघितलं तर काय म्हणंल आम्हाला?"

शेवंताचं एक वेळ ठीक, पण घरी सुलभा होती. लग्नानंतर दोघं धारवाडात मळमड्डीला राहायला आली आणि पहिल्याच महिन्यात तिच्या पिठाच्या डब्यातून पाखरू उडालं. महादेवाच्या सदऱ्यातून आलं होतं, दुसरीकडून कुठून येणार? तेव्हापासून घरात कायदा झाला. त्यानं बाहेरच्या कट्ट्यावर सदरा काढायचा, तीनदा झटकायचा, टोपी उलटी करून दाखवायची आणि मग उंबरा ओलांडायचा. "बाकीच्यांचे नवरे कचेरीतून पेन्सिली आणतात," सुलभा शेजारणीला सांगे, "आमचे हे आणतात बघा."

अप्पा कीटकघरात कधी गेले नाहीत. पेठेत कुणी विचारलं तर "मुलगा जंगलात आहे" एवढंच सांगत. ऐकणाऱ्याला खाकी कपडे दिसत, बंदूक दिसे, कुणाला वाघही दिसे, आणि अप्पा ते दिसू देत. महादेव सणावाराला दुकानात जाई. बाप-लेक पावसावर बोलत, दरावर बोलत. तो दिवसभर काय करतो हे अप्पांनी विचारलं नाही आणि यानंही सांगितलं नाही. एकदा त्यांनी विचारावं असं मात्र त्याला फार वाटे.

आता या माशीचं एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. बंगळूरहून सुरुवातीला आलेल्या माश्या धारवाडच्या पहिल्याच उन्हाळ्यात मेल्या. तेव्हा महादेवानं हल्याळच्या रानात महिनाभर हिंडून सागाच्या पानांवरची अंडी गोळा केली, त्यातून इथल्याच हवेतली माशी मिळवली आणि तिचा वंश चालवला. दर आठ-नऊ दिवसांनी एक पिढी. निघालेली माशी जेमतेम तीन दिवस जगते आणि तेवढ्यात तिला ताजी अंडी मिळाली नाहीत तर वंश तिथंच संपतो. काळी पडलेली कार्डं थंडाव्यात ठेवली तर काही दिवस टिकतात म्हणून शीतपेटीची मागणी केली होती, तर तिची फाइल टिकली. त्यामुळं आठ वर्षांत महादेव एकाही लग्नाला मुक्कामाला राहिला नव्हता. १९६६ च्या मे महिन्यात त्याच्या वहीत तीनशे एकेचाळिसावी पिढी चालू होती आणि जूनमध्ये माशी पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर रानात सोडायची होती.

त्याच महिन्यात महादेवाला गांधीलमाशी चावली.

मळमड्डीच्या घराच्या वळचणीला खऱ्या, मोठ्या, पिवळ्या गांधीलमाश्यांनी घर केलं होतं. एका शुक्रवारी तो कट्ट्यावर नेमानं सदरा झटकत असताना सदरा त्या घराला लागला. चार जागी डसल्या. तोंड सुजून दोन्ही डोळे मिटले. ही बातमी रायापूरला पोचली तेव्हा शेवंतानं म्हणे देवाला नारळ बोलला, आणि मळमड्डीतल्या मास्तर मंडळींनी आठ दिवस दुसरा विषय काढला नाही.

शनिवारी अप्पा मुलाला बघायला आले. महादेवाला दिसत नव्हतं, पण उशाशी बसलेल्या बापाचा हात कपाळावर आला तेव्हा त्याला बरं वाटलं. बोलता बोलता तो म्हणून गेला, "सोमवारी बंगळूरचे मोठे साहेब येणार आहेत तपासणीला, आणि मी हा असा."

"तू झोप," अप्पा म्हणाले. "साहेबाचं आम्ही बघतो की."

आजारी माणूस अशा वेळी काय समजतो? बाप धीर देतोय, एवढंच. अप्पा मात्र व्यापारी. बघतो म्हणाले की बघणार.

रविवारी सकाळी दुकानातला हमाल मारुती आणि धान्य पाखडणारी गोदूबाई यांना टांग्यात घालून ते रायापूरला गेले. अण्णांचे वडील म्हटल्यावर शेवंतानं दार उघडलं. अप्पांनी पहिल्या पेटीची मलमल सोडली आणि आत पाहिलं. जाळ्या, अळ्या, लोंबणारे गोळे, आणि त्यांच्या तोंडावर उडालेली पंधरा-वीस पाखरं. अशा चोवीस पेट्या. आपल्या पोटचं पोर आठ वर्षं हे असं धान्य ठेवतं आणि उद्या त्याचा साहेब हे बघणार! लाजेनं म्हातारा मटकन खालीच बसला. पण नुसता बसणाऱ्यातला नव्हता. "शेवंता, ताडपत्री आहे काय ग?" म्हणाला. शेवंता आठ वर्षं याच प्रश्नाची वाट बघत होती.

चोवीस पेट्या अंगणात पालथ्या झाल्या. मे महिन्याचं धारवाडचं ऊन. गोदूबाईनं सुपानं पाखडलं, साळुंक्यांनी अळ्या टिपल्या, मारुतीनं पेट्या घासून चुन्यानं सारवल्या. संध्याकाळी ज्वारी परत भरताना अप्पांनी थराथराला कडुलिंबाचा पाला घातला, स्वतःच्या हातानं. फडताळात कापडाची बोंडं लावलेल्या काचेच्या नळ्या होत्या, त्या तेवढ्या रिकाम्या समजून त्यांनी नीट पुसून ठेवल्या.

सोमवारी मोठे साहेब आले. पेट्या बघितल्या, चुना बघितला, ज्वारीत हात घालून बघितला, आणि अभिप्रायाच्या वहीत लिहून गेले की इतकं स्वच्छ आणि आदर्श कीटकघर आपण राज्यात कुठंही पाहिलेलं नाही. ते खोटं नव्हतं. त्या दिवशी पेट्यांत एकही कीटक नव्हता.

मंगळवारी महादेवाचा एक डोळा उघडला आणि तो रायापूरला पोचला. शेवंतानं आधी वही दाखवली, मग पेट्या. त्यानं एक पेटी उघडली, दुसरी उघडली, कडुलिंबाचा वास नाकात गेला आणि तिसरी न उघडता तो पायरीवर जाऊन बसला.

"वडलांनी केलं, अण्णा," शेवंता हरखून सांगत होती. "भाळ छंद माडिदरु! एका दिवसात!"

फार छान केलं, हे खरंच होतं. फडताळातल्या नळ्यांत तीनशे एकेचाळिसावी पिढी कालच निघाली होती आणि शेवंतानं सांगितल्याप्रमाणं लावलेल्या मधाच्या रेघेवर फिरत होती. तिला गुरुवारपर्यंत अंडी हवी होती. अंडी द्यायला पाखरू हवं होतं. महादेवाला बापाचा राग आला, आणि दुसऱ्या क्षणी म्हाताऱ्यानं एकेक थर लावत पाला घातला असेल ते डोळ्यांसमोर आलं आणि रागही धड करता येईना.

तो पाखरं शोधायला निघाला. पहिल्यांदा घरी. सुलभाचा डबा आरशासारखा लख्ख. आठ वर्षांची तिची तपश्चर्या नेमकी या वर्षी फळाला आली होती. शेजारीपाजारी सगळ्यांनी वर्षाची बेगमी नुकतीच ऊन देऊन भरलेली. मग त्यानं हुबळीची पेठ गाठली आणि दोन दुकानांत हळूच विचारलं, "आपल्याकडं पाखरं असतील काय हो?" एकानं दारातूनच वाट दाखवली. दुसरा म्हणाला, "कृष्णाअप्पांनी पाठवलं काय, आमची अब्रू घ्यायला?"

पाखरं कुठं आहेत हे महादेवाला पहिल्यापासून माहीत होतं. तिथं जायचं धैर्य येईपर्यंत तो बाकीची पेठ हिंडत होता.

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेतल्या कुसुमावती मास्तरीणबाई, अप्पांचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक, पोत्यापाशी उभ्या होत्या आणि अप्पांचा हात कोपरापर्यंत ज्वारीत होता. महादेव पायरी चढला.

"अप्पा, मागच्या खोलीतली पाखरं पाहिजेत."

अप्पांनी हात पोत्यातच ठेवला. "काय म्हणालास?"

महादेवाचा हात आपोआप गालाकडं गेला. गाल आधीच सुजलेला होता. "मागच्या खोलीत पाखरं झालीत," तो म्हणाला, आणि आवाज मोठा आला. "मला ती पाहिजेत. आजच. परवा तुम्ही साफ केलात ना, तीच माझी पेरणी होती अप्पा. आठ वर्षांची. परवापर्यंत पाखरं मिळाली नाहीत तर सगळं संपलं."

अप्पांनी ज्वारीतून हात बाहेर काढला. "मला कुणी सांगितलं नाही रे," ते म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलं नाही."

आता म्हातारा हसेल, चिमण्यांचं काहीतरी सांगेल आणि गिऱ्हाइकांना ज्वारी मोजून देईल, असं महादेवाला वाटलं. सोपं होतं ते. त्यासाठी त्यानं मान खाली घालून ठेवली होती. मग किल्लीचा आवाज आला. अप्पा उठले होते.

"मारुती," ते म्हणाले, "मागची खिडकी लावून घे. पाखरं बाहेर जाऊ देऊ नको. पोराची आहेत."

कुसुमावतीबाईंनी चष्मा सारखा केला. "म्हणजे अप्पा, ते पोत्याचं तुम्ही म्हणत होता ते..."

"उचला," अप्पा म्हणाले, आणि मागं वळूनही न बघता आत गेले.

मागच्या खोलीत दोघं संध्याकाळपर्यंत पाखरं धरत होते. महादेव नळीनं धरी. अप्पा दोन बोटांत पंख न चुरता असं अलगद धरत, की आठ वर्षं सरकारी शिक्षण घेऊनही महादेवाला ते जमलं नव्हतं. तीस वर्षं रोज पहाटे, दुकान उघडायच्या आधी, त्यांनी एकट्यानं दुकानातली पाखरं वेचली होती. कुणाला कळू न देता. हे त्यांनी सांगितलं नाही. बोटांवरून कळत होतं.

बुधवारी अंडी पडली, कार्डं नळ्यांत गेली, आणि रविवारी ती काळी झाली. महादेव कीटकघराच्या पायरीवर बसून रडला. शेवंतानं त्याला डोळ्याचं औषध आणून दिलं.

जूनमध्ये कार्डं हल्याळच्या सागवानावर टाचली गेली. खात्याचा अहवाल आला, की परिणाम समाधानकारक आहेत, परंतु ते माशीमुळं की पावसामुळं हे सांगता येत नाही. दुकानात अप्पा पुन्हा कोपरापर्यंत हात घालू लागले. वाक्यात एवढाच फरक पडला, की "दुकानाच्या पुढच्या खोलीत एक पाखरू दाखवा" असं ते म्हणू लागले. कीटकघरात ते परत गेले नाहीत. महादेवाच्या कामाबद्दल त्यांनी पुढंही विचारलं नाही. एक प्रश्न आयुष्यात विचारायचा राहून गेला की माणसाला तो मग विचारता येत नाही.

१९७१ साली खात्यानं ठरवलं, की अळीवर विमानातून भुकटी मारणं जास्त आधुनिक. कीटकघर बंद झालं, महादेव धारवाडच्या लाकूडआगारात ओंडक्यांवर हातोड्याचे शिक्के मारू लागला. पाचशे चौतिसावी पिढी त्यानं कीटकघरामागच्या एकुलत्या एका सागावर सोडली आणि वही घरी आणली. हे त्यानं अप्पांना सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

चार वर्षांनी अप्पा गेले. दिवस झाल्यावर महादेव आणि सुलभा दुकान आवरायला हुबळीला गेली. मारुतीनं मागची खोली उघडली. भिंती चुन्यानं सारवलेल्या, जमीन झाडलेली, खोली रिकामी. एका कोपऱ्यात, खिडकीपासून लांब, पाटावर एकच पोतं उभं होतं. त्याच्या तोंडाला मलमल बांधलेली होती आणि मलमलीखाली पाखरं फडफडत होती.

"हे काय रे?" महादेवानं विचारलं.

"तुमचं की," मारुती म्हणाला. "नऊ वर्षं झाली. दर दोन महिन्यांनी अप्पा नवी ज्वारी भरडून घालायचे ह्यात. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, सरकारचा काय नेम नाही, परत कुणीतरी येऊन साफ करंल. पोराला लागलं तर असावं."

पोत्याला पुठ्ठ्याचा एक तुकडा सुतळीनं बांधला होता. त्यावर अप्पांचं ठसठशीत अक्षर होतं. "महादेवचं. ऊन देऊ नये."

महादेवानं तो तुकडा दोनदा वाचला. त्याला सांगायचं होतं, की कीटकघर चार वर्षांपूर्वीच बंद झालं, याचा आता काही उपयोग नाही. सांगायला समोर मारुती होता. तो नुसता पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवत राहिला आणि मग त्याला भडभडून आलं.

पोतं टाकून द्यायचं त्याच्यानं होईना. संध्याकाळी ते धारवाडला आलं. कट्ट्यापाशी रिक्षा थांबली तेव्हा दोन-चार पाखरं मलमलीतून निसटून सुलभाच्या पदरावर बसली होती. महादेव पोतं धरून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि सवयीनं सदऱ्याची बटणं काढू लागला.

"राहू द्या ते," सुलभा म्हणाली. "आत आणा आधी. जिन्याखाली ठेवा, तिथं ऊन येत नाही."